एकशे तेवीस नंबरचा अंक

इंद्रजाल कॉमिक्सचा १२३ नंबरचा अंक कुणी तुम्हाला विकायला आणला, तर घेऊ नका. १२४ नंबरचाही नको. टाइम्स ऑफ इंडियात संप झाला होता, त्यामुळे ते दोन अंक निघालेच नाहीत. मार्च १९६४ मध्ये सुरू झालेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली तेव्हा शेवटचा क्रमांक होता ८०५, आणि प्रत्यक्षात निघालेले अंक ८०३.

हे मला उल्हासनगरात कळलं. कॅम्प चारमधल्या एका घरात लोखंडी कपाट भरून कॉमिक्स होती. प्रत्येक अंक पारदर्शक पाकिटात, पाकिटाच्या कोपऱ्यात नंबर. १२२ नंतरची दोन पाकिटं रिकामी होती. ‘मिळाले नाहीत का?’ असं विचारलं, तर त्या गृहस्थांनी संपाची गोष्ट सांगितली. मग रिकामी पाकिटं कशाला ठेवलीत? तर म्हणाले, नंबर तुटलेला बरा दिसत नाही.

मी म्हटलं, एखादा काढून वाचू का? त्यांनी खिशातून फोन काढला. ‘कुठला पाहिजे? स्कॅन पाठवतो.’

त्यांनी मनापासून पाठवलेही, एक नाही, चाळीस. माणूस दिलदार होता. पण ट्रेनमध्ये बसल्यावर मला हसू आलं. कपाटातला कागद वाचायचा नाही आणि वाचायचं ते फोनवर. असली माल घरात बंद, वापरायला डुप्लिकेट. आणि हे कुठे, तर उल्हासनगरात!

ज्यांना हा विनोद माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांमध्ये सिंधी निर्वासितांना आणून ठेवलं. त्या छावण्यांचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. म्हणून आजही तिथे मोहल्ले नाहीत, कॅम्प आहेत, एक ते पाच. हातात काही नसलेल्या लोकांनी जे विकलं जाईल ते बनवलं, आणि बाजारात ज्याला मागणी होती त्याच्यासारखं बनवलं. त्यातून ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद निघाला. आमच्या अंबरनाथ-बदलापूरच्या घरांत ‘उल्हासनगरचा माल’ हे शब्द नाक मुरडून म्हटले जायचे, आणि दिवाळीचे कपडे मात्र तिथूनच यायचे.

मला वाटतं, जुन्या कॉमिक्सबद्दल बोलताना हा विनोद उलटा करून बघायला हवा. कारण असली प्रत जपणाऱ्यांनी ही चित्रकथा किती जगवली आणि नकला काढणाऱ्यांनी किती, याचा हिशोब अजून कुणी नीट मांडलेला नाही.

माझ्या वाट्याला इंद्रजाल आलं तेव्हा ते बंद पडलेलं होतं. अंबरनाथ पूर्वेला एका जिन्याखाली लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे फळ्या ठोकलेलं कपाट, एक स्टूल आणि वही. आठ आण्यांत एक दिवस. मराठी इंद्रजाल, चांदोबा, मग हिंदीतले नागराज आणि ध्रुव. उल्हासनगरला गेलं की स्टेशनबाहेर दोरीला अडकवलेला डोगा दिसायचा. डोगा खास होता, कारण तो मुंबईचा. कचऱ्यात सापडलेलं पोर, डाकूच्या हाती वाढलेलं, कुत्र्याचा मुखवटा घालून गुंडांना मारत फिरणारं. पण त्याची मुंबई कल्याणच्या अलीकडेच संपायची. आमच्या लाइनवर तो कधी आला नाही. कॅम्पातल्या, कारखान्यांच्या, वालधुनीच्या काठच्या गुन्हेगारीला कुठलाच सुपरहिरो मिळाला नाही. हे मला तेव्हा जाणवलं नव्हतं. आता फार जाणवतं.

लायब्ररी बंद झाली तेव्हा मालकाने माल किलोवर काढला. रद्दीच्या भावापेक्षा थोडं जास्त देऊन मी एक खोका भरून घरी आणला. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी दोन्ही घरांत शिरल्या. आम्ही तळमजल्यावर. दुसऱ्या दिवशी खोका उचलला तर तळ खालीच राहिला. आतल्या कॉमिक्सची एकच वीट झाली होती. पान सोडवायला गेलं की वेताळाचा चेहरा पुढच्या पानाला चिकटून यायचा.

आज माझ्याकडे जे आहे ते सगळं नंतर विकत घेतलेलं आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या लहानपणातून आलेलं. पहिल्या पानावर निळ्या शाईत कुणाचं तरी नाव, इयत्ता, तुकडी. एका अंकात मॅन्ड्रेकला पेनाने चष्मा लावलाय. मी ‘माझं बालपण’ म्हणून जे जपतो त्यातलं एकही पान माझ्या बालपणात माझ्या हातात नव्हतं. संग्राहक मित्रांना हे सांगितलं की ते जरा ओशाळतात, मग म्हणतात, सगळ्यांचं तसंच असतं रे.

आता मुद्द्याचं. ते चाळीस स्कॅन मी वाचले. सगळे, क्रमाने, कर्जत लोकलमध्ये. आणि माझ्या लक्षात आलं की गेली वीस वर्षं मी इंद्रजालबद्दल बोलत होतो, वाचलं मात्र नव्हतं. आम्ही सगळेच असं करतो. कागदाचा वास, किंमत, मुखपृष्ठावरचा पिवळा रंग, कुठल्या सुट्टीत कुठल्या मावशीकडे वाचलं, यावर तासभर बोलू. गोष्टीवर दोन मिनिटंही नाही.

गोष्ट काय आहे? ली फॉकने १९३६ मध्ये निर्माण केलेला फँटम, आपला वेताळ, हा पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर राज्य करणारा गोरा माणूस आहे. जंगलातल्या बुटक्या काळ्या लोकांना त्याच्याशिवाय न्याय मिळत नाही. तो अमर आहे असं त्यांना वाटतं, आणि वाचकाला मात्र आतली गोष्ट माहीत असते की बापानंतर मुलगा तोच वेष चढवतो. म्हणजे वाचणाऱ्या पोराला गोष्ट कुठल्या बाजूने ऐकायला बसवलंय ते बघा. अंबरनाथच्या चाळीतलं सावळं पोर कवटीच्या गुहेत गोऱ्याच्या शेजारी बसून आदिवासींच्या भाबडेपणावर हसतंय. ते पोर मी होतो.

संपादकांनाही काहीतरी टोचत होतं असं दिसतं. मूळ मालिकेतल्या ‘बेंगाला’ देशाचं नाव इंद्रजालमध्ये ‘डेंकाली’ केलं गेलं, बंगालशी गोंधळ नको म्हणून. लुटारूंच्या ‘सिंग’ टोळीचं ‘सिंगा’ झालं. नावं बदलली, बैठक तीच राहिली. शिवाय वर्तमानपत्रांसाठी रोज चार चौकटी अशा रचलेल्या कथा पुस्तिकेच्या पानांत बसवण्यासाठी कापल्या जायच्या, त्यामुळे कधीकधी माणूस एका चौकटीत पाण्यात असतो आणि पुढच्या चौकटीत कोरडा. ज्याला आम्ही ‘असली’ म्हणून पाकिटात घालतो ती मुळातच कापलेली, नावं बदललेली, भाषांतरित नक्कल आहे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. उल्हासनगरच्या जवळ राहणाऱ्याने नकलेची तक्रार करू नये.

इंद्रजालवर रागवायला मला जमत नाही याचं एक कारण बहादूर आहे. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरतींनी तो लिहिला, गोविंद ब्राह्मणियांनी काढला. डाकूचा मुलगा, बापाला मारणाऱ्या पोलिसाचा सूड घ्यायला निघालेला, आणि मग गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभं करणारा. वर भगवा कुडता, खाली जीन्स. हा पोशाख बाकी काही सांगायच्या आत सगळं सांगून जातो. तो गावाचा आहे आणि गावात मावत नाही. (पुढे उल्हासनगर जीन्सचं गाव झालं. कॅम्प पाचच्या गल्लीत शिवणयंत्रांच्या आवाजात उभं राहिलं की मला दर वेळी बहादूर आठवतो.) वेताळाच्या जंगलात लोकांनी फक्त वाचवलं जायचं. बहादूरच्या जयगढमध्ये लोक रात्री गस्त घालतात. सगळ्याच कथा चांगल्या नाहीत, नंतरच्या तर बऱ्याच पाट्या टाकल्यासारख्या आहेत. पण सुरुवातीच्या कथांत एक प्रश्न खरा आहे: कायदा येईपर्यंत आपण काय करायचं?

तर वाचल्यावर इतकं हाती लागतं. कपाटाकडे बघून लागत नाही.

आता गोष्ट ‘इंडी’ची. आजकाल जुनं काहीही दिसलं की ‘व्हिंटेज इंडी कॉमिक’ म्हणून फोटो टाकतात. इंद्रजाल इंडी नव्हतं, देशातल्या सर्वांत मोठ्या वृत्तपत्र कंपनीचं होतं. नागराज आणि डोगा काढणारी दिल्लीची राज कॉमिक्स टाइम्ससमोर लहान, पण तीही धंदा जमवलेली प्रकाशन संस्था. खपाची आशा न धरता काढलेली चित्रकथा ही वेगळी जात. आणि तिचं उदाहरण द्यायचं तर माझ्यासमोर एकच पुस्तक येतं: ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’.

१९९४ मध्ये ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरण गटाने ते काढलं. भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी असं त्याला म्हणतात. काळं-पांढरं, साठेक पानांचं. विषय नर्मदा. त्यात धरणाचं नाव ‘रेवासागर’ आहे, पण कुणाला कळायचं राहत नाही. मी ते पहिल्यांदा वाचलं ते झेरॉक्समध्ये, आणि तीही झेरॉक्सची झेरॉक्स. करड्या छटा गेलेल्या, नदीच्या जागी नुसता काळा डाग. छापील प्रत मला कुठेही मिळाली नाही, आणि ती मिळवायला धडपडणारा एकही संग्राहक भेटला नाही. चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ने ते पुन्हा छापलं २०२२ मध्ये. अठ्ठावीस वर्षं गेली.

का बरं? त्या अठ्ठावीस वर्षांत इंद्रजालचे शेकडो अंक लोकांनी फुकट, रात्री जागून, स्कॅनरवर एकेक पान ठेवून जतन केले. त्यांना माझा सलाम आहे, गंमत नाही करत. पण त्यांनी जतन केलं ते ज्याच्या आठवणी होत्या ते. आठवणी असायला आधी खप लागतो. गावोगावच्या हजारो पोरांनी वाचलेलं असेल तर तीस वर्षांनी हजारो मोठी माणसं ते शोधतील. ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ कुणाच्या मे महिन्याच्या सुट्टीत नव्हतं. ते कुठल्या मावशीच्या माळ्यावर सापडणार नव्हतं. त्याच्याबद्दल कुणाला हुरहुर नव्हती, म्हणून ते नाहीसं होतंय हेही दिसलं नाही. म्हणजे ज्याने आधीच बाजार जिंकला होता, त्यालाच स्मरणरंजन दुसऱ्यांदा जिंकवतं.

आणि जे नाहीसं होत होतं ते काय होतं? दोन गोष्टी एकमेकींत विणलेल्या. एक, विष्णू नावाचा तरुण पत्रकार धरणाची बातमी करायला खोऱ्यात जातो. दुसरी, मलगू गायन नावाचा गायक नदी कशी जन्मली ते गातो. सेन दोन्हीसाठी दोन हात वापरतात. पत्रकाराच्या भागात स्वच्छ शाईची रेघ, आखलेल्या चौकटी. गाण्याच्या भागात रेघ मोकळी सुटते, चौकटी विरघळतात, डोंगर आणि माणूस एकाच खरबरीत पोताचे होतात. मग कधीतरी तुमच्या लक्षात येतं की पत्रकाराच्या नीटनेटक्या चौकटी या सरकारी नकाशासारख्या आहेत, आणि हा माणूस ज्यांच्या बाजूने लिहायला आलाय त्यांचं जग त्याच्या चौकटीत बसत नाही. शिवाय रेलकू आहे. तिच्या कुटुंबाची जमीन गेलेली आहे आणि ती शहरात दुसऱ्याच्या घरी कामाला आहे. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच ती आपल्या स्वयंपाकघरात पोचलेली असते.

वेताळाच्या जंगलानंतर हे जंगल बघणं हा माझ्यासाठी खरा धक्का होता. इथे आदिवासी गातो, आणि ऐकायला बसलेला आपण अडाणी असतो. इंद्रजाल वाचून मोठं झालेल्या प्रत्येकाने या पानांसमोर एकदा बसावं. पुस्तकात उणं नाही असं नाही. मंत्री आणि ठेकेदार फारच ठोकळ आहेत, त्यांच्या तोंडच्या वाक्यांत पथनाट्याचा सूर लागतो. विष्णू स्वतः जरा पुठ्ठ्याचा. पण नदी येते तेव्हा हे सगळं माफ होतं.

सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. तेवढ्या लांब जायचंही कारण नाही. अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या नळाला बारवी धरणातूनही पाणी येतं. बदलापूरची पोरं पावसाळ्यात त्या बाजूला फिरायला जातात, रील काढतात. त्या धरणाची उंची वाढवली तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, काचकोलीसारख्या गावांना उठावं लागलं. त्यावर कुणी चित्रकथा काढली असती तर? समजा, एखाद्या शिक्षकाने, एखाद्या कार्यकर्त्याने झेरॉक्स काढून वाटलीही असेल. ती कुणी जपली असती? पाकीट कुणी आणलं असतं तिच्यासाठी?

हा प्रश्न उगाच नाही. झेरॉक्सवर वाटली जाणारी चित्रकथा ही आपल्याकडे खरीखुरी चळवळ आहे. शरद शर्मा यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ने देशभर कार्यशाळा घेऊन ज्यांनी कधी चित्र काढलं नाही अशा लोकांना शिकवलं: चार चौकटी, ए-फोरचे दोन कागद जोडून एक भित्तिपत्रक, त्याच्या झेरॉक्स, आणि मग चहाच्या टपरीवर, एसटी थांब्यावर, शाळेच्या भिंतीवर खळ लावून चिकटवायचं. दारूबंदी, रस्ता, हुंडा, रेशन. याहून स्वतंत्र कॉमिक असू शकत नाही. आणि ते पहिल्या पावसात भिंतीवरून उतरतं. त्याचा अंक नाही, नंबर नाही, म्हणून त्यात कुठला नंबर ‘तुटतो’ हेही कळत नाही. १२३ आणि १२४ चं नशीब चांगलं. ते निघालेच नाहीत तरी त्यांच्या नावाने दोन पाकिटं आहेत.

नव्या पिढीच्या इंडीबद्दल थोडकंच सांगतो, कारण त्याची चर्चा पुष्कळ होते. २०११ मध्ये दिल्लीत कॉमिक कॉन सुरू झालं. विजयेंद्र मोहंती आणि विवेक गोयल यांचं ‘रावणायन’ त्याच सुमाराचं. २०१२ पासून अभिजीत किणींची ‘अँग्री मावशी’ आली. साडी नेसून, हातात बंदूक घेऊन मुंबईतल्या रोजच्या छळाचा हिशोब चुकता करणारी. मला मावशी मनापासून आवडते. किणींची गुबगुबीत, उड्या मारणारी रेघ हिंसेला हसवते आणि तरी राग विझू देत नाही. एकच खंत आहे: साडी मराठी, संताप मराठी, पुस्तक इंग्रजीत. आणि या साऱ्या नव्या इंडीची एक मोठी अडचण अशी की ते जन्मतःच संग्रहाची वस्तू म्हणून विकलं जातं. सही केलेली प्रत, मर्यादित मुखपृष्ठ, सोबत बिल्ला, पोस्टर. वाचून फाटायच्या आधीच ते पाकिटात जातं. आठवणी तयार व्हायच्या आधीच त्यांची किंमत ठरते. जिन्याखालच्या लायब्ररीत ते कधी जाणारच नाही. तशी लायब्ररीही उरली नाही म्हणा.

हुरहुर सोडून दुसऱ्या कारणाने जपता येतं का? येतं. बदलापुरातच उदाहरण आहे. श्याम जोशींनी उभं केलेलं ग्रंथसखा वाचनालय. तिथली जुनी, दुर्मीळ मराठी पुस्तकं कुणाच्याही लहानपणाची नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकाचा वास आठवून कुणी हळवं होत नाही. ती जपली कारण ती कुणीतरी वाचायला मागेल. साधं आहे. अभ्यासक तिथे जातो ते कपाट बघायला नाही.

कॉमिक्सबाबत आपण या साधेपणापर्यंत आलेलो नाही. मी तर अजिबात नाही. त्या कॅम्प चारच्या कपाटासमोर उभा होतो तेव्हा मला हेवा वाटत होता, आणि मी मनात किंमत करत होतो. परत येताना बहादूरचा एक अंक चारशेला घेतला, जो स्कॅनमध्ये फोनवर आधीच होता. अजून उघडलेला नाही.

‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ची नवी प्रत मात्र मी लायब्ररीसारखी चालवतो. शेवटच्या पानावर तारखांचा कागद चिकटवलाय, पूर्वी असायचा तसा. पहिल्यांदा नेलं ते सोसायटीत पाणी सोडायला येणाऱ्या मुलाने. तो मुरबाडकडचा. आठवड्याने परत आणलं तेव्हा मुखपृष्ठावर चहाचा गोल उमटला होता, आणि तो म्हणाला की गाणाऱ्या म्हाताऱ्याची पानं त्याने आजीला दाखवली. आजीला इंग्रजी येत नाही. तिने चित्रं बघितली आणि वाद्य चुकीचं धरलंय म्हणाली. आत्तापर्यंत कागदावर अकरा तारखा आहेत. बारावी एका मुलीची, ती उल्हासनगर तीनला राहते आणि तिचं पुस्तक दोन आठवडे उशिरा आहे.